चहाच्या डब्याने बुडवलेला क्लब

सौंसरकरांनो, पांढुर्ण्याच्या वकिलाच्या खोलीतला पंखा फक्त वकिलालाच वारा घालतो. या अन्यायाची इतिहासाने नोंद घ्यावी.

आज आम्ही तिथे घामेघूम बसलो, कारण आम्हाला पोकरचा क्लब रजिस्टर करायचा होता. डाव बसतो तो आमच्यासोबत आलेल्या रिटायर गुरुजींच्या घरी. त्यांची बायको, आमच्या काकू, वारल्यापासून संध्याकाळचा आमचा डाव हीच त्यांची सोबत.

"साहेब, पोकर डोक्याचा खेळ आहे न?" मी विचारलं.

"त्याच्यावर कोर्टाकोर्टात वाद चालून राहिले. पहिले सांगा, चायचे पैसे कोण देते?"

गुरुजींनी अभिमानाने वही पुढे केली. "दर डावातून वीस रुपये चायच्या डब्यात टाकतो. सारं लिहून आहे."

वकिलाने वही मिटली. "गुरुजी, यालेच नाल म्हणते. डावातून घरवाल्याकडे पैसा गेला का घर जुगाराचा अड्डा. मंग दारावर क्लब लिहा नाहीतं भजन मंडळ. पोलीस आले तं पहिले तुमाले नेतीन. अन् पुरावा तुमीच सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला!"

परतीच्या बसमध्ये जामसांवळीजवळ गुरुजींनी वही पिशवीत टाकली. मग म्हणाले, "म्हणजे उद्यापासून तुमी लोक येणार नाही का?"

तुम्हीच सांगा, डाव नसेल तर एकट्या माणसाच्या घरी रोज कोणत्या निमित्ताने जायचं?

चहाच्या टपरीवाल्याचे आठवड्याचे पैसे त्याच डब्यातून जायचे. आज मी खिशातून दिले. गुरुजींना सांगितलं नाही.