असू द्या, ताई

कुणाशी पहिलं वाक्य काय बोलायचं, हे एकेकाळी मी लोकांना शिकवत असे. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मात्र हातात मोबाइल धरून मी बियाण्यांच्या गोदामामागं पाऊण तास नुसता उभा होतो आणि मला पहिलं वाक्य सापडत नव्हतं. कैलास गेल्याचा फोन दुपारी साडेतीनला आला होता. जालन्याच्या एमआयडीसीत सळया करणाऱ्या कारखान्यात त्याची पहिली पाळी सुटली, गेटबाहेर येऊन त्यानं गाडीला किक मारली, गाडी चालू झाली, आणि तो हँडलवर कपाळ टेकून तसाच बसून राहिला. मागच्या पोरांना वाटलं, मोबाइल बघतोय. त्यांनी हॉर्न वाजवले, एकानं शिवीही दिली... डॉक्टर म्हणाले, हृदय. बेचाळीस वर्षांचा होता. धावड्याला त्याच्या भावाला फोन करणं जमलं, कारण भावाला काय सांगायचं हे ठरलेलं असतं. अडलो तो अंकुशनगरच्या नंबरावर. शेवटी लावला आणि म्हणालो, "तुझा दादा गेला." पलीकडं भांडं पडल्याचा आवाज आला. मी बोललो ते वाक्य खोटं होतं. तिला ते माहीत नव्हतं, मला होतं, आणि तिला ते खरं वाटावं अशी तजवीज बावीस-तेवीस वर्षांपूर्वी मीच करून ठेवली होती.

ती म्हणजे कॉलेजात आमच्या वर्गात असलेली मुलगी. तिचं नाव लिहीत नाही. हे लिहायला बसण्याआधी तिला विचारलं. "नाव नको घालू. बाकी जसं झालं तसं लिही, सारवासारव नको," म्हणाली. "आणि घरात?" असं विचारलं तर म्हणाली, "घरचं मी बघते." तेव्हा लपवायचं झालंच तर आता माझंच काय ते उरतं, आणि ते लपवून लपवून मी कंटाळलो आहे.

कैलास आणि मी धावड्याचे, एका गल्लीतले. आमची शेती, त्याच्या घरी मेंढरं. शाळा बुडवून तो बापामागं रानोमाळ फिरायचा आणि तरी पास व्हायचा. शे-दीडशे मेंढरं एका शिटीत वळवणारा हा गडी, पण माणसापुढं उभा राहिला की त्याची दातखीळ बसायची. दुकानात गेला तर 'साखर' म्हणण्याआधी तीनदा घसा खाकरणार. मास्तरांनी हजेरी घेतली की 'हजर' म्हणायच्या ऐवजी नुसता हात वर करणार. मी त्याच्या उलटा. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझी आई माझ्याबद्दल रोज म्हणायची, आणि मला ते कौतुक वाटायचं. त्याच्या वाटचं बोलणं लहानपणापासून मीच बोलत आलो. त्याला शाळेत उशीर झाला तर कारण मी सांगायचो, त्याला भूक लागली तर भाकर माझ्या आईकडं मी मागायचो.

भोकरदनच्या कॉलेजात आम्ही दोघांनी बी.ए.ला भूगोल घेतला. वर्गात मुली सहा, पुढच्या दोन बाकांवर. ती दुसऱ्या बाकावर, भिंतीकडं. ती नकाशावर वाकली की मागची सगळी पोरं एकदम अभ्यासू व्हायची. कैलासला असली नाटकं जमायची नाहीत. तो सरळ बघत राहायचा आणि तिनं मान वर केली की खाली घालायचा. एकदा एसटीच्या मागच्या बाकावर बसून मला म्हणाला, "संज्या, मला तिच्याशी बोलायचंय." मी विचारलं, "काय बोलायचंय?" "काई न्हाई. नुसतं बोलायचंय." प्रेम वगैरे शब्द त्याच्या तोंडात नव्हता. ओळख व्हावी, दोन वाक्यं तिनं बोलावीत, दोन आपण बोलावीत, एवढीच त्याची उडी होती. पण आमच्याकडं तेव्हा तेवढंही सोपं नव्हतं. आदल्या वर्षी एका पोरानं स्टँडवर एका मुलीला किती वाजले म्हणून विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या चुलत्यांनी त्याला रसवंतीमागं नेऊन मारला, आणि त्या मुलीचं कॉलेज बंद झालं ते झालंच.

मग मी गुरू झालो. एसटीतून उतरलं की घरापर्यंतच्या वाटेवर तालीम चालायची. डोक्यावर टॉवेल घेऊन मी 'ती' व्हायचो आणि तो समोर येऊन घसा खाकरायचा. "आज तास हाय का?" हे त्यानं शोधलेलं पहिलं वाक्य. म्हटलं, ती म्हणणार 'माहीत न्हाई', झाला खेळ खलास. "काहीतरी माग. मागितलं की ती देणार, दिलं की तुला वापस करावं लागणार. एका कामात दोनदा बोलणं होतं." नकाशात रस्ते लाल रंगानं दाखवावे लागतात, म्हणून लाल पेन्सिल मागायची ठरली. स्वतःची लाल पेन्सिल त्यानं त्या दिवशी घरी ठेवली, खोटं बोलल्यासारखं व्हायला नको म्हणून. राहिली भीती. तिच्यावरही माझ्याकडं औषध होतं. "आधी ताई म्हण. ताई म्हणलं की पोरगी भेत न्हाई आन् बाकीच्यांचे कान उभे राहत न्हाईत. महिनाभरानं हळूच सोडून दे." त्यानं विचारलं, "सोडता येतं?" "न यायला काय झालं!" मी म्हणालो. आणखी एक शिकवलं. ती काहीही म्हणाली तरी गडबडायचं नाही, एकच वाक्य बोलायचं: 'असू द्या ताई, उद्या वापस देतो.' हे वाक्य मी त्याच्याकडून इतकं घोकून घेतलं की झोपेतून उठवलं असतं तरी त्यानं तेच म्हटलं असतं.

प्रॅक्टिकलच्या तासाला तो उठला. मी मुद्दाम तिच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. "ताई, जरा लाल पेन्सिल देता का?" आवाज कापत होता, पण वाक्य पुरं झालं. तिनं वळून बघितलं, पेन्सिल काढून दिली, आणि हसत हळू म्हणाली, "ताई कशाला? एकाच वर्गात आहोत की आपण. नाव आहे मला." कैलास म्हणाला, "असू द्या ताई, उद्या वापस देतो," आणि पेन्सिल घेऊन आपल्या जागेवर निघून आला. तिचं हसू गेलं. ती वळून नकाशावर वाकली.

संध्याकाळी एसटीत त्यानं माझा दंड धरला. "ती काय म्हणली रे? माझ्या कानात नुसतं घूं वाजून राह्यलं व्हतं. काईच ऐकू न्हाई आलं. तू मागंच व्हता ना?" मी म्हणालो, "काई न्हाई. टोक मोडू नको म्हणली."

का असं म्हणालो... मलाही ती आवडायची. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. दहा जणांत पटापट बोलणारा मी, माझ्याकडं तिनं कधी मान वळवून पाहिलं नव्हतं, आणि ज्याला स्वतःची हजेरी देता येत नाही त्याला ती पहिल्याच दिवशी 'नाव आहे मला' म्हणाली. मला ते सोसलं नाही. उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पेन्सिलला ब्लेडनं छान टोक काढलं आणि पुन्हा 'ताई' म्हणून ती वापस केली. त्या दिवशीही मी गप्प बसलो, आणि गप्प बसण्याची सवय फार लवकर लागते.

महिन्यानं राखी पौर्णिमा आली. सगळ्या वर्गादेखत ती त्याच्या बाकापाशी आली आणि म्हणाली, "दादा, हात." मला वाटलं, हा पळून जाईल. त्यानं हात पुढं केला. एसटीत बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत होता. मी म्हणालो, "अजूनबी सोडता येतं." त्यावर तो चिडला. आयुष्यात दोनचारदाच चिडला असेल, त्यातला हा एक. "एकदा म्हणलं ना मी? आता तिनं बांधली. सोडून द्यायला ते काय मेंढरू हाय?" मग थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाला, "बराबर झालं. आता बोलायला तरी कुणी अडवत न्हाई." आमच्याकडं मानलेल्या बहिणीचं नातं सख्खीपेक्षा कडक. सख्ख्या बहिणीशी माणूस वाटणीवरून कोर्टात जातो, मानलेल्या बहिणीपुढं मान खाली घालून उभा राहतो.

आणि खरंच, त्यांना कुणी अडवलं नाही. तीन वर्षं ते बोलले. तिला भाऊ नव्हता, दोन धाकट्या बहिणी. तिच्या वडिलांनी कैलासला घरी जेवायला बोलावलं, शेताच्या कामात सल्ला विचारला. पदवी झाली तसं तिचं लग्न ठरलं. नवरा अंकुशनगरच्या साखर कारखान्यात, माणूस चांगला. कानपिळीला बायकांनी कैलासला पुढं ढकललं. "बिलकुल सोडू नको रे कान!" त्यानं जरा जास्तच पिळला असावा, कारण नवरदेवाच्या डोळ्यांत पाणी आलं. कैलासच्या नाही आलं. तिला गाडीत बसवताना रडलो तो मी. लोक म्हणाले, भावापेक्षा भावाचा मित्रच हळवा.

पुढं आम्ही दोघंही पोटापाण्यासाठी जालन्याला आलो. तो भट्टीपुढं, मी बियाण्यांत. दर भाऊबीजेला तो साडी घेऊन अंकुशनगरला जायचा. रंग तो निवडायचा, भाव करायला मला न्यायचा. स्वतः लग्न केलं नाही. त्याचं सगळं खापर मी माझ्या डोक्यावर फोडून घेत नाही. आमच्या भागात बिनलग्नाची चाळिशीतली पोरं गल्लोगल्ली आहेत, आणि मेंढरामागच्या घरात, भट्टीवरच्या कामाला पोरगी कोण देतं? 'ताई' हा शब्द मधे आला नसता तरी या दोन घरांची सोयरीक झाली असती, असंही नाही. जात आडवी आली असती. कदाचित कैलासलाही रसवंतीमागं नेलं असतं. हे सगळं मी मनाला पुष्कळदा समजावलं. मन म्हणतं, ते त्या दोघांनी बघितलं असतं, तू कोण मधे?

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी तो जेवायला आला होता. जेवण झाल्यावर बाहेर बाजेवर आडवा होता, मी म्हणालो, "कैलास, तुला एक सांगायचं राहिलंय." "सांग की," तो म्हणाला. मी बघत राहिलो... भट्टीच्या आचेनं त्याच्या भुवया विरळ झाल्या होत्या, केस पिकले होते. म्हटलं, आता सांगून याचं काय भलं होणार? "गाडीचे ब्रेक बघून घे," असं काहीतरी म्हणालो. "बघतो," म्हणाला आणि झोपला. त्याच्या भल्याचं नाव पुढं करून मी तेव्हाही माझीच कातडी वाचवली.

धावड्याला त्याला अग्नी दिला तेव्हा ती नवऱ्यासोबत आली होती. "दादा, माझ्या दादा रे" म्हणून तिनं जो टाहो फोडला, त्यानं गल्लीतल्या म्हाताऱ्या बायाही हलल्या. "सख्खी बी इतकी रडत न्हाई," एक जण म्हणाली. मी भिंतीला टेकून ते ऐकत होतो. त्याला सांगायचं राहून गेलं होतं. निदान तिला तरी सांगावं, असं तिथंच ठरवलं.

भाऊबीजेला मी अंकुशनगरला गेलो. दिवस मावळत आला होता, कारखान्याचा हंगाम नुकताच सुरू झालेला, मळीचा वास सगळ्या वसाहतीवर. नवरा पाळीवर गेलेला. ओसरीवर बसून ती ताट लावत होती, कुंकू, अक्षता, सुपारी, तेलाचा दिवा. भाऊ नसला की आमच्याकडं बायका बीजेच्या चंद्राला ओवाळतात. "सासूबाई म्हणल्या, भाऊ गेला म्हणून ओवाळणं मोडू न्हाई," ती म्हणाली आणि दिवा लावला.

मी खाली बसलो आणि सांगितलं. ताई म्हणायला मी शिकवलं, 'असू द्या' मी घोकून घेतलं, तू बोललीस ते त्याला ऐकूच गेलं नाही, त्यानं मला विचारलं आणि मी ते गिळलं. का गिळलं तेही सांगितलं. बोलताना मला हलकं वाटत होतं, लाज वाटावी इतकं हलकं. मग तिच्याकडं पाहिलं.

"मला वाटलं, त्याच्या मनातच तसं हाय," ती म्हणाली. "मी नाव सांगायला निघाले आन् त्यानं असू द्या म्हणलं... इतकी शरम वाटली मला. म्हणून राखी आणली. म्हणलं, ही भलतं काही बोलली, असं त्याला तरी वाटू नये." तिनं ताटातली सुपारी उगाच हलवली. "त्याला कधीच कळलं न्हाई?"

"न्हाई."

"मरेपर्यंत?"

"न्हाई."

तिनं शिव्या दिल्या असत्या, ताट अंगावर भिरकावलं असतं, तर बरं झालं असतं. ती नुसती दिव्याकडं बघत होती. इतकी वर्षं माझ्याजवळ होतं ते मी तिच्या ओसरीवर आणून ठेवलं होतं, आणि ते ठेवायला तिला आता कुठंच जागा नव्हती.

पश्चिमेला कारखान्याच्या धुराड्याशेजारी चंद्राची बारीक कोर दिसायला लागली. आतून सासूबाईंनी हाक मारली, "अगं, चंद्र बुडून राह्यला. जल्दी ओवाळून घे." ती ताट घेऊन उठली. अंगणात दोन पावलं गेली, थांबली. मग माघारी येऊन पायरीवर बसली, ताट खाली ठेवलं आणि दिव्याची वात बोटानं तेलात ओढून शांत केली.

"न्हाई ओवाळत मी," आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली.

"का गं?" सासूबाईंनी आतूनच विचारलं.

"भाऊ गेला असता तर ओवाळलं असतं," ती म्हणाली. "कैलास गेलाय."