तळ जळलेलं पातेलं

जपानातल्या ओमाची या डोंगरपायथ्याच्या गावात गिर्यारोहणाच्या सामानाची चार दुकानं. तिघांच्या गल्ल्यावर तराजू आहे, किनुएवहिनींच्या नाही. डोंगरावर जाणारी माणसं वजनापायी वेडी असतात. टूथब्रशची दांडी अर्धी कापतील, नकाशाच्या कडा कातरून टाकतील. अशा कुणी वहिनींना विचारलं, "हे पातेलं किती ग्रॅमचं?" की त्या म्हणायच्या, "रिकाम्याचं वजन काय विचारता? पाणी किती मावतं ते विचारा." गिऱ्हाईक पुन्हा फिरकायचं नाही.

माझं सोबा शेवयांचं दुकान बरोबर समोर. त्यांचे यजमान माझे दोस्त. ते लवकर गेले, मागून मुलगा मिनोरुही गेला. म्हणून रोज संध्याकाळी मी वाडगाभर शेवया घेऊन जायचो आणि भांडण करून परत यायचो.

भांडण एका पातेल्यावरून. ते गल्ल्याशेजारच्या फळीवर असायचं, ॲल्युमिनियमचं, चहाच्या दोन कपांएवढं, तळ काळाठिक्कर. मिनोरु अकरा वर्षांपूर्वी मार्चच्या वादळात वर अडकला, चोवीस वर्षांचा होता. पाचव्या दिवशी शोधपथकानं त्याला खाली आणलं, त्याच्यासोबत हे पातेलं. हिवाळ्यात वर पाणी म्हणजे वितळवलेलं बर्फ. कोरडं बर्फ तापवलं तर तळ जळतो, म्हणून आधी भांड्यात दोन बोटं पाणी लागतं. विरजण राखावं तसं ते आदल्या दिवशीचं राखून ठेवायचं. मिनोरुला हे शेंबडा असल्यापासून ठाऊक होतं. पण एवढ्याशा पातेल्यात राखणार काय? सगळंच पिऊन टाकलं असेल, आणि सकाळी कोरडं बर्फ जाळत बसला असेल.

गाव म्हणालं, पोराला हलक्या सामानाची हाव नडली. त्याच्या अंत्यविधीला मीही तेच बोललो. वहिनी खाली मान घालून ऐकत होत्या.

दुकान बंद करताना वहिनी त्या पातेल्यात दोन बोटं पाणी ओतायच्या. सकाळी पातेलं कोरडं असायचं.

"मिनोरु प्यायला," त्या म्हणायच्या.

"स्टोव्हच्या धगीनं आटलं," मी म्हणायचो.

एकदा डोकं फिरलं, पातेलं उचललं आणि खिडकीशी धरलं. तळाला सुईएवढं भोक! "वहिनी, गळतंय हे! इतकी वर्षं फळीला पाणी पाजताय तुम्ही."

"चाळीस वर्षं भांडी विकतेय, भावजी. गळकं मला कळत नाही होय?"

"मग भरता कशाला?"

"तहान तुम्हाला लागलीय का त्याला?"

मी पातेलं परत फळीवर ठेवलं. खरं सांगायचं तर मी त्या फळीवरून कितीदा हात फिरवला होता. ती मला कधी ओली लागली नाही. मला भीती वाटायची, म्हणून मी ते कुणाला बोललो नाही.

गेल्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी शेवया घेऊन गेलो होतो, तेव्हा ओसाकाहून सायो नावाची मुलगी आली. विशीतली, एकटीच वर चालली होती. तिनं नेमकं सगळ्यात छोटं टायटॅनियमचं पातेलं उचललं.

"हे नाही मिळायचं," वहिनी म्हणाल्या. "ते दोन लिटरचं घे."

"आजी, मी एकटी आहे. पंगत घालायची नाहीये मला."

"बर्फ काही माणसं मोजून पडत नाही. मोठं घे."

"पाठ माझी आहे ना? राहू दे, पुढच्या दुकानात घेते." ती दाराकडे वळलीसुद्धा.

वहिनींनी फळीवरचं पातेलं उचललं आणि तिच्या हातात कोंबलं. "हे माझ्या मुलाचं. त्यानं मोठंच भरलं होतं. गुडघा दुखत होता त्याचा. तेव्हा इथंही तराजू होता. तो आंघोळीला गेला तशी मी पिशवी त्यावर टाकली, मोठं काढलं, हे घातलं. तीनशे ग्रॅम कमी झाले. केवढी खूश झाले मी! पहिल्या मुक्कामाला पिशवी उघडली तेव्हा कळलं असेल त्याला. 'आई' म्हणून ओरडला असेल."

माझ्या हातातला वाडगा कलंडला. अकरा वर्षं समोरासमोर राहून मला हे माहीत नव्हतं.

मुलीनं त्या काळ्या तळावरून बोट फिरवलं. मग ते फळीवर ठेवलं आणि मोठं पातेलं घेऊन गेली.

दुसऱ्याच दिवशी वादळ आलं आणि चार दिवस हललं नाही. वहिनींनी दुकान उघडलं नाही, माझ्या शेवयांना हात लावला नाही. फक्त पातेलं भरत राहिल्या.

सहाव्या दिवशी दुपारी सायो दारात उभी राहिली. ओठ फुटलेले, नाक सोललेलं. वहिनी तिचे गाल चाचपत राहिल्या, जिवंत आहे याची खात्री करत.

"आजी, रोज दोन बोटं राखली. पण शेवटच्या संध्याकाळी राहवलं नाही, सगळं पिऊन टाकलं. पातेलं उशाशी घेऊन झोपले. सकाळी झाकण काढलं तर आत दोन बोटं पाणी." ती ओशाळून हसली. "मीच विसरले असेन. थकले होते ना."

"हो, विसरली असशील," वहिनी म्हणाल्या.

सायोनं आपलं पातेलं पुढं केलं. तळाशी थोडं पाणी उरलं होतं. वहिनींनी ते जळक्या पातेल्यात ओतलं.

सकाळी मी गेलो तर पाणी तिथंच. गोठलं असेल म्हणून बोट बुडवलं. ते पाणीच होतं. पातेलं उचलून तळावरून हात फिरवला, कोरडा. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या सकाळी वहिनींनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि पिऊन टाकलं. शेवटच्या थेंबापर्यंत. मग रडल्या, मिनोरु गेला तेव्हा रडल्या नव्हत्या तेवढ्या. मलाही आवरलं नाही.

"भावजी, गावात सांगून या," त्या म्हणाल्या. "पातेलं त्याच्या आईनं बदललं होतं, म्हणावं. पोर हावरट नव्हतं."

मी रिकामं पातेलं खिडकीशी धरलं. भोक जिथल्या तिथं होतं. ते फळीवर ठेवून मी निघालो आणि आधी तराजूवाल्या तिघांकडे गेलो.