थंडा पिऊन बांधलेला बस्ता

माझ्या लग्नाचा बस्ता उल्हासनगरला बांधायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरचं जुनं भांडणही आमच्याबरोबर गाडीत चढलं. आई बदलापूरला शाळेत विज्ञान शिकवायची. तिचं म्हणणं, माणसाला नीट समजावून सांगितलं की तो बदलतो. आत्या अंबरनाथला कारखान्यात पॅकिंगला होती आणि बायकांना घेऊन गेटवर बसून बसून तिनं पाळणाघर मिळवलं होतं. तिचं म्हणणं, समजतं सगळ्यांनाच, पण अडल्याशिवाय कुणी हलत नाही. नणंद-भावजयीचं हे वर्षानुवर्षं चाललंय. त्या दिवशी होणाऱ्या सासूबाईंसमोर दोघींनी गप्प बसावं, एवढीच माझी देवाकडे मागणी होती. देवानं लक्ष दिलं नाही.

दोन्हीकडच्या मिळून डझनभर बायका आम्ही दुकानाच्या पांढऱ्या गादीवर पसरलो. बस्त्याचं गिऱ्हाईक म्हटलं की सेठ थंडा मागवतोच. बाटल्या आल्या, पण एकीनंही हात लावला नाही. बस्त्याला निघालेली बाई घरूनच घसा कोरडा ठेवून निघते, कारण दुकानात बाथरूमला जायची सोय नसते. हे कुणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना येतं.

साड्या उलगडणारी मुलगी आईकडे बघून एकदम हसली. आईची जुनी विद्यार्थिनी निघाली. पण चेहरा उतरलेला. आईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, लघवीच्या इन्फेक्शननं दोनदा दवाखान्यात राहून आलीय. पुन्हा झालं तर मूत्रपिंडावर जाईल असं डॉक्टर म्हणाले, म्हणून घरचे नोकरी सोडायला सांगतायत. तिला सोडायची नव्हती. पगार घरी न्यायला लागल्यापासून घरात तिचं ऐकलं जात होतं. आईला राहवेना. भरपूर पाणी प्यायचं हे मी शिकवलं होतं ना, असं ती म्हणाली.

"धडा पाठ आहे बाई. पण पाणी प्यायलं तर जायचं कुठं?"

माळ्यावर संडास होता. चावी सेठच्या खिशात असायची.

आई तडक काउंटरवर गेली. बिलाच्या पाठीमागे मूत्रपिंडांची आकृती काढली, नळ्या काढल्या, बाण काढले आणि आपल्या अतिशुद्ध हिंदीत 'वृक्क' समजावून सांगितलं. सेठ माणूस वाईट नव्हता. त्यानं हात जोडून सगळं ऐकलं, मॅडमचं एकदम बरोबर आहे म्हणाला, आणि पुन्हा थंडा मागवला.

आत्यानं बाटली उचलली. "प्या गं सगळ्या."

"वन्सं, अहो काय हे?"

"तुमचा धडा झाला ना वहिनी? आता प्रात्यक्षिक."

आणि आम्ही प्यायलो! मावशी प्यायली, काकू प्यायली, मला ढेकरावर ढेकर. गादीवर साड्यांचा डोंगर उलगडून पडलेला, आणि त्यातली एकही कुणी पसंत करेना. आधी आम्ही सगळ्या जाऊन येणार, असं आत्यानं सांगून टाकलं. दुकानातल्या पोरीसुद्धा, आणि त्या रोज. सेठ आधी वर माल ठेवलाय म्हणाला, मग शेवटचा उपाय म्हणून मुलाकडच्यांकडे वळला. "आप तो समझदार हो, आप समझाओ ना इनको."

सासूबाई सकाळपासून चकार शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर सारखा केला, बाटली घेतली, एका दमात संपवली आणि दुसरी मागितली. नवऱ्याच्या आधी मी त्यांच्या प्रेमात पडले.

पुढचा काही वेळ आम्ही गुडघे आवळून बसलो होतो. हसू नका गं, हसलात की संपलं, असं म्हणत काकूच सगळ्यांत जास्त हसत होती. शेवटी चावी निघाली आणि माळ्याच्या जिन्यावर शालू-पैठण्या सोडून रांग लागली. दुकानातल्या मुलीही आल्या.

परतताना आत्याच्या चेहऱ्यावर तेज होतं. पण आई म्हणाली, त्याला पटलेलं नाही, तो नुसता अडला होता. उद्या आपण नसू, मग? मलाही त्या रात्री लग्नापेक्षा त्या मुलीचीच काळजी लागून राहिली.

लग्नानंतर एक साडी बदलायला म्हणून मी मुद्दाम गेले. तीच मुलगी होती, अंगानं जरा भरलेली. मी हळूच चावीचं विचारलं.

बस्त्याच्या दुसऱ्याच दिवशी सेठनं पुन्हा कुलूप लावलं होतं, ती म्हणाली. मग तिनं बाकीच्या मुलींना बाईंची ती मूत्रपिंडांची आकृती काढून दाखवली. सकाळी सगळ्याजणी पोटभर पाणी प्यायल्या आणि काउंटरसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना ताई. पण प्यायलो होतो. आता मागं कसं फिरणार?"

मी इतकी हसले की मलाच जायची वेळ आली. तिनं जिन्याकडे बोट दाखवलं. दार उघडंच होतं.