कातळावरच्या घराची जागा

साताऱ्याच्या स्टँडवरून विट्याची गाडी सुटली तेव्हा माझ्याजवळ कंदी पेढ्यांचा पुडा, एक कोरी वही आणि आठ दिवसांची मुदत एवढंच होतं. मुदत साहेबांनी दिलेली. मी बागखात्यातला माणूस. धरणाच्या पायथ्याशी मोठी बाग करायचं काम त्या वर्षी आमच्याकडे आलं होतं. गुलाबांचा एक भाग, मुलांसाठी छोटी आगगाडी, रंगीत कारंजी, आणि एका कोपऱ्यात 'खोऱ्यातलं जुनं गाव'. पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी एकाची गल्ली तिथं पुन्हा उभी करायची. आत शिरणाऱ्याला पाच मिनिटं तरी वाटलं पाहिजे की आपण त्या गावातच आलो आहोत. कल्पना साहेबांची, आणि खरोखर चांगली. पण नकाशा पाहिला आणि माझं डोकं फिरलं. मातीच्या घरांभोवती गुलमोहर, दारात क्रोटन, गल्लीच्या तोंडाशी बोगनवेलीची कमान!

"साहेब, हे गाव नव्हे, हा डाकबंगला झाला," मी बोलून गेलो.

साहेब रागावले नाहीत. "मग तिथं कोणती झाडं होती ते तुम्ही सांगा," म्हणाले. "आठ दिवसांत यादी आणा. नाहीतर मी गुलमोहराची रोपं मागवतो."

गाव पंधरा वर्षं पाण्याखाली. झाडांना विचारायची सोय नव्हती. गावातली माणसं मात्र सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडे, कोरड्या माळावर नेऊन वसवलेली होती. म्हणून हा प्रवास. यादी मिळाली, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या यादीतून एक घर मी जवळजवळ बुडवलंच होतं. पाण्याने एकदा बुडवलेलं घर दुसऱ्यांदा माझ्या पेन्सिलीने बुडालं असतं. ही हकीकत त्या घराची आहे.

कोरेगावला बाजाराचा दिवस होता. घेवड्याची पोती टपावर चढेपर्यंत गाडी थांबली, तेवढ्यात चहा झाला. शेजारी पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार बसले होते. काय काम काढलंत म्हणून त्यांनी विचारलं. झाडांची माहिती घ्यायला विट्याच्या पुढं चाललोय, असं म्हटल्यावर ते मोठ्याने हसले.

"झाडं बघाया तिकडं? गाडी चुकली तुमची! आवं, म्हाबळेसरला जायचं की!"

त्यांचं हसणं उगाच नव्हतं. रहिमतपूर मागं पडेपर्यंत उसाचे फड दोन्ही बाजूंना दाटीने उभे होते. मग ऊस संपला, शाळू आला. विट्याला गाडी बदलली, पुढं शाळूही विरळ झाला आणि नुसते तांबूस माळ सुरू झाले. दुष्काळाचं साल सरलं होतं, पण माळाला ते अजून कळलेलं दिसत नव्हतं. खिडकीतून मी सवयीने झाडं मोजत होतो. बाभूळ, लिंब, पुन्हा बाभूळ, तरवडाची झुडपं. दर तीन वर्षांनी माझी बदली होते. मी लावलेल्या एकाही आंब्याचा आंबा मी आजवर खाल्लेला नाही. त्यामुळे दुसऱ्याची मोठी झालेली झाडं दिसली की जीव थोडा कासावीस होतो, आणि इथं तर तीही नव्हती.

दुसऱ्या गाडीचं चाक वाटेत पंक्चर झालं, त्यात दीड तास गेला. फाट्यावर उतरून दोन मैल चालायचं होतं. अर्ध्या वाटेत बाभळीचा काटा चपलेतून आरपार टाचेत घुसला. झाडांचा जाणकार म्हणवणारा मी, एका पायावर लंगडी घालत रस्त्यात उभा. जवळच एक मेंढपाळ मेंढरं चारत होता. त्याने काही न विचारता माझी टाच गुडघ्यावर घेतली, कमरेचा चिमटा काढला आणि काटा उपसून माझ्या हातावर ठेवला.

"कुनाकडं, सायेब?"

"धरणाच्या लोकांच्या वसाहतीत."

"आसं व्हय. पावसाच्या मानसांकडं."

पावसाची माणसं म्हणजे काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, "आली तवा रोज इचारायची, हितं पाऊस कवा लागतो म्हून. लय वरसं इचारत हुती. आता न्हाई इचारत."

वसाहत पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. सारखी घरं, दारांवर नंबर, घरांच्या ओळीपुढं खात्याने लावलेले लिंब. पांडूतात्यांचं नाव मला कचेरीतून मिळालं होतं. धुणं घेऊन चाललेल्या एका बाईला विचारलं.

"कंचं पांडूतात्या? फणसाखालचं का हिरड्याखालचं?"

मी चारी बाजूंना पाहिलं. फणस सोडा, फणसाएवढी सावलीही कुठं नव्हती. हिरडा तर या मातीत उगवायचाच नाही. मग लक्षात आलं. जुन्या गावात घराला त्याच्या दारातल्या झाडावरून ओळखत. आडनावं सगळ्यांची तीच ती, म्हणून फणसाखालचे, हिरड्याखालचे, उंबराखालचे. झाडं पंधरा वर्षांपूर्वी गेली, तरी माणसं अजून त्यांच्याखालीच राहत होती. साहेबांना हवी असलेली यादी इथं रोज तोंडी चालू होती. मला इतका आनंद झाला की टाचेचं दुखणंही विसरलो.

फणसाखालचे पांडूतात्या सत्तरीचे, अंगाने काटक. मी कशाला आलो ते त्यांनी ऐकून घेतलं. मग उठले, म्हणाले, "चला द्येवळाम्होरं. यकट्याला आटवायचं न्हाई समदं."

देवळापुढच्या धुळीत त्यांनी काठीने गल्ली ओढली. बघता बघता पाच-पंचवीस माणसं जमली. एक खडा म्हणजे एक झाड. सुरुवातीला सगळे मला समजावून सांगत होते, नंतर मला विसरले. जांभूळ विहिरीच्या अलीकडं की पलीकडं यावर दोन म्हातारे हातघाईवर आले. सावर कोणाच्या बांधावर होती यावरून पंधरा वर्षांपूर्वीचा तंटा पुन्हा पेटला. तात्या खडा उचलून पुन्हा ठेवत म्हणाले, "फणसाची फांदी लय खाली हुती. वाकूनच जावं लागायचं घरात. सोयरा असू न्हाई तर फौजदार असू."

मी घरांची नावं विचारत होतो आणि भराभर वहीत झाडं उतरवत होतो. कोणीतरी म्हणालं, "कातळावरचे."

"तिथं कोणतं झाड?"

"कंचंच न्हाई. उगडा कातळ."

नाव लिहून झालं होतं. मी त्याच्यावर रेघ मारली आणि पुढच्या घराकडं वळलो. झाडाच्या माणसाने झाडाशिवाय काय लिहायचं?

जेवायला तात्यांकडे बाजरीची भाकरी आणि माडगं (हुलग्याची पातळ पेज) होतं. तात्या हसून म्हणाले, "आमी नाचणी-भाताची मानसं. हितं येऊन माडगं प्याया शिकलो. आता ग्वाड लागतं." मला वाटलं, गोड लागतं म्हणून सांगायलाही काही वर्षं गेली असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तर दारात एक म्हातारी उभी. हिरवं लुगडं, हातात गाठोडं.

"मी हौसा. कातळावरची. सायेब, आमचं घर राह्यलं."

मी समजुतीने सांगायला लागलो की, मावशी, मला झाडांची यादी करायची आहे, तुमच्या दारात झाड नव्हतं.

"झाड न्हवतं म्हून घर न्हवतं व्हय?"

मी वही उघडली. रेघ नीट दिसत होती, चांगली जोर लावून मारलेली. मला मनापासून लाज वाटली. घर कुठं होतं ते सांगा, मी नकाशात घालतो, म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "सांगून उमगायचं न्हाई तुमास्नी. मी येती. जागा दावती." गाठोडं कशासाठी ते तेव्हा कळलं. एकटीला कसं पाठवायचं म्हणून तात्याही टोपी चढवून निघाले.

परतीच्या प्रवासात हौसाबाई खिडकीशी बसली. पुन्हा उसाचे फड लागले, मग डोंगर जवळ आले, हवा ओली झाली. तसं तिने खिडकीबाहेर हात काढला आणि वारा लागेल असा धरून ठेवला. कंडक्टर ओरडला तेव्हाच आत घेतला. धरणाशी उतरल्यावर तात्या भिंतीवरून पाणी बघून आले. डोळे पुसतच आले. ती गेली नाही. "पानी काय बगायचं?" एवढंच म्हणाली. बागेच्या मुकादमाच्या घरी दोघांची राहायची सोय झाली.

सकाळी आम्ही कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेवर गेलो. पौषातली थंडी. पूर्वेच्या डोंगराआड सूर्य अडकलेला, सगळं खोरं निळसर सावलीत. मी नकाशा उलगडून विहीर, गल्ली, फणस दाखवू लागलो. हौसाबाईने नकाशाकडे बघितलंही नाही.

"आदी ऊन यिऊ द्या," म्हणाली आणि पदर कानावरून घेऊन उभी राहिली.

अर्धा तास गेला. मी चुळबुळत होतो, तात्या शांत होते. मग डोंगराच्या खिंडीतून पहिलं ऊन खाली उतरलं आणि चढावरच्या एका लहानशा तुकड्यावर पडलं. बाकी सगळं अजून सावलीतच. ती सरळ चालत गेली आणि त्या उन्हात उभी राहिली.

"हितं."

आमच्या नकाशात तिथं बोगनवेलीची कमान होती. मी खुंटी ठोकली. रेघ मारल्याची टोचणी मनातून जात नव्हती. म्हणालो, "मावशी, तुमच्या दारात मी चांगलं झाड लावतो. सोनचाफा लावतो. फुलं येतील."

"नगं."

"पैसे खात्याचे आहेत, मावशी. तुम्हाला आवडेल ते सांगा."

"काय बी लावू नगा," ती म्हणाली. "समद्या गावाला सावली हुती, सायेब. चार म्हैने पाऊस, वर दाट झाडी. दसरा सरला की ऊन फकस्त माज्या दारात. नाचणी वाळवाया माज्या कातळावर, हिरडा वाळवाया माज्या कातळावर. बाळंतिनी प्वार घिऊन हितंच बसायच्या. आमच्या मालकाला म्या म्हनायची, येक झाड लावा की दारात, समद्यांच्या हाय. ते म्हनायचे, झाड लावलं तर मानसं कुटं बसतील गं?"

तिने पायाने तिथली माती सारखी केली.

"तिकडं माळावर ऊन लय हाय. जिच्या तिच्या दारात हाय. माज्या दारात आता कोन यील?"

मी इतकी वर्षं बागा केल्या. कुठं काय लावायचं ते मला पाठ आहे. काही न लावण्याची जागा कशी ओळखायची, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते त्या सकाळी शिकलो, आणि त्याबद्दल मी या बाईचा ऋणी आहे.

मग सगळी गल्ली आम्ही तिच्या अंगणापासून मोजली. ती पावलं टाकत होती, तात्या झाड सांगत होते, मी खुंट्या ठोकत होतो. उंबर, विहीर, जांभूळ. फणसाची खुंटी ठोकून झाली तेव्हा साहेब जीपमधून आले. हौसाबाई पुढं चालली होती. खुंटीपाशी आल्यावर तिने मान आणि पाठ चांगली वाकवली, चार पावलं तशीच गेली आणि पुन्हा सरळ झाली. वर आकाशाशिवाय काही नव्हतं.

"या बाई का वाकल्या?" साहेबांनी विचारलं.

"फणसाची फांदी हाय, सायेब," तात्या म्हणाले. "लय खाली हाय."

 थोड्या वेळाने साहेब त्याच वाटेने गेले, तेव्हा हॅट काढून जरासे वाकले. चेष्टेने की खरोखर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गुलमोहराच्या मागणीचा कागद मात्र त्यांनी त्या दिवशी रद्द केला. कमानही गेली.

दुपारी दोघांना गाडीत बसवून दिलं. गाडी चालू झाल्यावर हौसाबाईने खिडकीतून विचारलं, "सायेब, बसाया येतील का वं लोकं?"

"येतील," मी म्हणालो. म्हणालो खरा, पण मला काय माहीत? गाडी वळणाआड गेल्यावर मी स्टँडवर बराच वेळ उभा होतो. बागेत झाड नको, बसायला माणसं हवीत, एवढंच मागणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

पावसाळ्यात रोपं लावली. फणस, हिरडा, उंबर, जांभूळ, सगळी गुडघ्याएवढी. हौसाबाईने दाखवलेल्या जागी एक दगडी फरशीचा चौक मोकळा ठेवला. येणारा जाणारा पाहुणा विचारायचा, इथं काही लावायचं राहिलं का? मी नाही म्हणायचो.

थंडी पडली. एका सकाळी कामावर लवकर पोचलो. खोरं अजून सावलीत होतं. खुरपणीला आलेल्या पाच-सहा बाया भाकऱ्यांची फडकी घेऊन त्या चौकात बसल्या होत्या. त्यांतली एक ओली बाळंतीण होती, तिने पोराला पायांवर पालथं घेतलं होतं आणि त्याच्या उघड्या पाठीवर ऊन पडलं होतं. त्यांना तिथं बसा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

मी कचेरीत गेलो आणि कार्ड घेतलं. पत्ता लिहिला: हौसाबाई, कातळावरच्या. मजकूर काय लिहावा याचा पुष्कळ विचार केला. वाचणार वसाहतीच्या शाळेतले मास्तर, ऐकणार ती. शेवटी इतकंच लिहिलं: मावशी, येतात. बसतात.