चौरंगावरची कादंबरी

वाळलेल्या तुळशीचा वास आला की मला कुंभकोणमचं आमचं देवघर आठवतं आणि हसू फुटतं. तेव्हा इंग्रजांचा अंमल होता, आणि आमच्या घरी मराठीत छापलेलं जे येई ते पोथीच असे. म्हणून मामांनी पुण्याहून पाठवलेलं पुस्तक वडिलांनी न चाळताच विठ्ठलापुढे चौरंगावर ठेवलं, तुळस वाहिली आणि सोवळं नेसून वाचायला बसले. आम्ही हात जोडून ऐकत होतो. पहिल्याच प्रकरणात एक गृहस्थ स्वतःच्या लग्नाला निघाले आणि भलत्याच मांडवात जेवून परत आले. पोथीला हसायचं नसतं, म्हणून मी परकराचा काठ तोंडात कोंबला. वडिलांचा आवाज कापू लागला. चूक कळून त्यांनी पुस्तक मिटायला घेतलं. तेवढ्यात लहानपणीच विधवा झालेली आत्या, जिला मी कधी हसताना पाहिलं नव्हतं, डोळे पुसत म्हणाली, "अण्णा, अध्याय अर्धा टाकूं नये." वडिलांनी तो पुरा वाचला, आणि आरतीही केली. त्या कादंबरीकाराची सगळी पुस्तकं आज माझ्याकडे आहेत, आणि हात धुतल्याशिवाय मी एकही उघडत नाही. विनोदी पुस्तकाला एवढं सोवळं कशाला, असं लोक विचारतात. त्यांनी माझ्या आत्याला हसताना पाहिलेलं नाही.