हिरव्या लुगड्याची प्रत

अमरावतीतला एक दातांचा डॉक्टर माझा वैरी आहे. आधी तो मित्र होता. तेल्हाऱ्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, आणि पुढे अकोल्यात शिकताना तो माझ्या आईच्या हातच्या भाकरी खाऊन वाढला. ते सगळं जुनं झालं. वैर ताजं आहे आणि मी ते जपून ठेवलंय.

भिंतींवर चित्रं काढणाऱ्यांची छापचित्रं जमवायचा मला नाद आहे. ही मंडळी भिंत रंगवतात, मग त्याच चित्राचा ठोकळा कोरून मोजक्या प्रती छापतात, प्रत्येक प्रतीवर पुन्हा हाताने रंग चढवतात आणि खाली पेन्सिलने नंबर टाकून सही करतात. प्रती झाल्या की ठोकळ्यावर आडवेउभे ओरखडे मारून तो बाद करतात. मग आणखी एक प्रत काढ म्हणून पाया पडलात तरी उपयोग नाही. माझ्या बियाण्यांच्या दुकानात कोणी विचारलं की मी हे सगळं समजावून सांगतो. लोक ऐकून घेतात आणि तुरीच्या वाणाची चौकशी करतात. डॉक्टरला मात्र हा नाद लगेच लागला, आणि लावला मीच.

आमच्या अकोल्यातल्या घरासमोर एक लांब भिंत होती. अमरावतीचा एक चित्रकार ती रंगवायला आला. आई दुपारी ओट्यावर सूप घेऊन डाळ पाखडत बसते. तो तिच्याकडे चहा प्यायचा, गप्पा मारायचा, आणि बघता बघता भिंतीवर आईच आली. सूप, हनुवटीवरचं गोंदण, सगळं. आई म्हणाली, "नाक जरा मोठं केलं यानं माहं." पुढे रस्ता रुंद करायला ती भिंत पाडली. उरल्या त्या प्रती. बाकी सगळ्यांवर त्याने लुगडं लाल रंगवलं होतं, आणि त्या हातोहात गेल्या. एकीवरच आईचं खरं हिरवं लुगडं होतं, बोटाने ओढलेलं, आणि गोंदणाचे ठिपके टाकाच्या टोकाने दिलेले. ती माझी. रविवारी घेऊन जा, असा त्याचा निरोप होता.

शनिवारी डॉक्टर त्याच्याकडे गेला. मीच पाठवलंय म्हणाला आणि घेऊन आला. मी फोन केला तर हसतो! "अबे, शौकीन माणसाच्याच हाती गेली ना? मंग काहून रडून राहिला?"

चित्रकार बिचारा स्वतः मागायला गेला. त्याला चहा पाजून परत पाठवलं. मी दुकानात बसून बेत करायचो. डॉक्टरच्या पाटीला डांबर फासावं, त्याच्या गाडीची हवा सोडावी. सगळे पोरकट. माझं समाधान होईल असा एकही नव्हता.

मग हिवरखेडचं एक गिऱ्हाईक आलं. त्याने अमरावतीला दाढ काढून घेतली होती. गाल धरून म्हणाला, "डॉक्टरसायबाची माय अगदी तुमच्या आईवानी होती, भाऊ. गेली बिचारी. चंदनाचा हार घालून ठेवला दवाखान्यातल्या फोटोले."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी दवाखान्यात फोन लावला. तिथे नोंदणीला बसणारी बाई भोळी होती, तिने सगळं सांगितलं. दिवाळीच्या साफसफाईत भिंतीवरच्या त्या चित्राला हार तिनेच घातला होता. "सरांना विचारलं, तुमची आई का? तर हो म्हणाले."

माझी जिवंत आई त्याने चोरली, आपली केली आणि वर मारूनही टाकली.

आईची एक दाढ दुखतच होती. अमरावतीचा डॉक्टर चांगला आहे, एवढंच मी तिला सांगितलं आणि एसटीत बसवलं. तिने हिरवं लुगडं नेसावं म्हणून मी बाकीची दोन धुवायला टाकली होती. दवाखाना भरलेला होता. चित्राखालची खुर्ची रिकामी होईपर्यंत मी आईला उभं ठेवलं आणि मग नेमकी तिथेच बसवली.

गाल सुजलेली एक बाई वर बघायची, खाली बघायची. शेवटी न राहवून तिने विचारलं, "मावशी, ह्या तुमच्या बहीण होत्या का?"

आईने मान वर केली. चित्र बघितलं, हार बघितला. "मीच आहो ते," ती म्हणाली.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आला. त्याचं तोंड बघायला मी कितीही लांबून आलो असतो. "काकू, तुमी?"

"काऊन रे," आई सगळ्यांदेखत म्हणाली, "मले कवा मारलं तू? माह्या चुलीजवळ बसून जेवला ना?"

कोणीतरी फिसकन हसलं. दोघं जण उठून निघून गेले. डॉक्टरने स्वतः स्टुलावर चढून चित्र उतरवलं, हार खिशात कोंबला आणि खाली मान घालून प्रत माझ्या हातात दिली. मी ती सगळ्यांना दिसेल अशी छातीशी धरून बाहेर पडलो. आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झालाय.

ऑटोत आईने विचारलं, "कुठी नेऊन राहिला हे?"

"घरी. तुझ्या खोलीत लावतो."

"हार चढलेलं चित्र मी जित्ती आहो तवर घरात येनार नाई," ती म्हणाली. "मी गेल्यावर आन."

मी खूप समजावलं. चित्र तुझं आहे, हार दुसऱ्याने घातला होता, आता काढलाय. ती ऐकेना. त्या दिवशी दाढही तशीच राहिली.

प्रत आता दुकानात आहे, कापडात गुंडाळून, कपाटावर. माझ्याजवळचं हे सगळ्यात चांगलं चित्र, आणि ते घरी न्यायचा दिवस कोणता हे मला ठाऊक आहे. रोज सकाळी शटर वर केलं की मी आधी कपाटाकडे बघतो, आणि ते इथेच आहे म्हणून मला बरं वाटतं. डॉक्टरला मी माफ करणार नाही.