कोटिंगचा वाटा

सोमवारी सकाळी माझे पती चहा घेऊन गॅलरीत बसले. मी पेपर द्यायला गेले, तेव्हा ते गेले होते.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. धाकटे दीर मात्र कोपरगावचा तोडीला आलेला ऊस सोडून सावेडीच्या घरी माझ्यापाशी थांबले. त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं.

हे फार्मसी कॉलेजात शिकवत. तापाच्या कडू गोळीवर चढवायचं एक कोटिंग त्यांनी शोधलं होतं, मुलांनी गोळी थुंकू नये म्हणून. पेटंट यांचं, गोळ्या कंपनीच्या, आणि विकलेल्या गोळ्यांवर यांना रॉयल्टी, असा करार होता.

"रॉयल्टी?" दीर म्हणाले. "डंपरवाले सरकारला मुरमाची भरत्यात ती?"

"तशीच, भाऊजी. यांचा मुरूम डोक्यातला होता."

मग मी त्यांना पत्र वाचून दाखवलं.

पत्रात होतं: नव्या गोळीत दोन औषधं आहेत. अशा गोळीची रॉयल्टी औषधांच्या प्रमाणात धरायची. कोटिंग हे औषध नाही, म्हणून त्याचा वाटा शून्य. मान्य असल्यास वारस म्हणून सही करावी.

पैसे तसेही थोडेच येत. पण यांचा वाटा शून्य, हे माझ्या सहीनं ठरणार होतं.

मी शाळेत इंग्रजी शिकवलं. करारही धड्यासारखा वाचला, पेन्सिलीनं रेघा मारत. 'उत्पादन' म्हणजे हे कोटिंग वापरलेली कोणतीही गोळी, असं सुरुवातीलाच लिहिलं होतं. प्रमाणाचं कलम पुढे होतं, आणि ते एका औषधाची दुसऱ्याशी वाटणी करत होतं. कोटिंगला त्या वाटणीत धरलंच नव्हतं. न धरणं वेगळं, शून्य धरणं वेगळं. मग प्रश्न एवढाच उरला, की नव्या गोळीवर ते कोटिंग आहे का.

दीरांनी मेडिकलमधून नवी गोळी आणली, आणि सोबत एक साधी, बिनकोटिंगची.

पूर्वी हे संध्याकाळी नमुने घरी आणत, माझ्या जिभेवर ठेवत आणि घड्याळाकडे बघत.

"माझी जीभ म्हणजे तुमचं यंत्र का?"

"यंत्र इतकं बोलत नाही."

मी नवी गोळी जिभेवर ठेवली. कडू लागली नाही. साधी ठेवली. तीही लागली नाही. दुपारच्या पिठल्यात मीठ नव्हतं, हेही मला दीरांनीच सांगितलं होतं.

"आना इकडं," ते म्हणाले. साध्या गोळीनं त्यांचं तोंड वाकडं झालं. "आरं तिच्या! लिंबाचा पाला बरा." चूळ भरून त्यांनी नवी गोळी तोंडात धरली. बराच वेळ धरली.

"हिला काय चवच न्हाई, वैनी. दादाचंच काम हाय हे."

जिभेची साक्ष कोणी मानणार नाही. कडूपणा झाकणारी दुसरीही कोटिंगं असतात. मी सही केली नाही. उत्तरात व्याख्येचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि नव्या गोळीच्या कोटिंगचा तपासणी अहवाल मागितला.

दीर गावी गेले. कंपनीचं उत्तर आलेलं नाही. भाजीत मीठ मी अंदाजानं घालते.